आईचे तीन हजार सहाशे कूलोम

गेल्या सोमवारी आईचा पेसमेकर तपासायला तिला म्हापशाला नेलं. डॉक्टर म्हणाले, बॅटरी संपत आलीय, दोनेक महिन्यांत बदलून घ्या... छोटंसं ऑपरेशन आहे.

आईनं गाडीत बसताच जाहीर केलं, "आता माका कापाकापी नाका."

मी पडलो फिजिक्सचा मास्तर. तिला धीर द्यायला घरी आल्यावर गणितच मांडलं. आई, तुझी बॅटरी साधारण एक अँपिअर-अवरची, म्हणजे तीन हजार सहाशे कूलोम. माझ्या मोबाइलची पाच हजार मिलीअँपिअर-अवर, म्हणजे अठरा हजार कूलोम... ते मी एका दिवसात उडवतो. तू त्याच्या पाचव्या हिश्श्यात दहा वर्षं काढलीस! एवढं भारी यंत्र आहे, तर नवीन बसवून घे, इतकंच मला म्हणायचं होतं.

ती म्हणाली, "इतलीच?"

दुसऱ्या दिवसापासून आई उठेनाशी झाली. रोज सकाळी नदीवर होड्या लागल्या की मासळी निवडायला स्वतः जाणारी बाई... आता देवाची फुलंसुद्धा खुर्चीत बसून मागते. पाय सुजलेत. बोलणंही कमी केलंय. मला वाटलं, रुसलीय.

परवा माझ्या बायकोनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे म्हणाली, "चल्ल्यार बॅटरी खर्च जाता गो. चवथीक बाबू येयसर पुरूंक जाय."

बाबू म्हणजे माझा धाकटा भाऊ, दुबईला असतो. गणेशचतुर्थीला तो येईपर्यंत बॅटरी पुरायला हवी, म्हणून ही चालत नाही. चालण्यानं बॅटरी अशी संपत नाही, हे मी तिला नाना परींनी समजावलं. डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. ती मान हलवते आणि बसूनच राहते. अँपिअर-अवरचे कूलोम कसे करायचे, हे मी वर्गात दोन मिनिटांत शिकवतो. तेच गणित घरी केलं आणि आईला खुर्चीत बसवून ठेवलं.

त्यात बाबूला यंदा रजा नाही. तसा त्याचा मेसेज आलाय. आईला सांगायचं माझं धाडस होत नाही.

बाबू, तू ही पोस्ट वाचशील म्हणून इथं लिहितोय. फोनवर बोलायला गेलो की मला रडू येतं. तूच तिला फोन कर... बॅटरी बदलून घे, मी पुढच्या चवथीला येतो, असं तूच सांग. तुझं ती ऐकेल रे. माझं ऐकून तर ती चालायची थांबलीय.