हात आत जाईल अशी बाटली

झरी गावात दूध घालणाऱ्या कुणालाही तात्यारावांबद्दल विचारा, तो आधी इकडंतिकडं बघेल आणि मगच बोलेल. एकतीस वर्षं झाली, हा माणूस गावच्या दूध संकलन केंद्रावर बसलाय. पूर्वी लाकडी फळीवर बसायचे, आता प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, एवढाच काय तो फरक. फॅट मोजायचं मशीन आलं, काटा आला, छापील पावती आली. पण बोट बुडवून जिभेला लावल्याशिवाय तात्यारावांचं समाधान होत नाही. मशीन चुकेल, आपली जीभ चुकणार नाही, असा त्यांचा ठाम समज. गावाचाही समज तोच आहे, पण त्यांच्या तोंडावर तसं म्हणून त्यांना आणखी कोण चढवून ठेवणार?

"भगवानराव, म्हैस आज हापशाखाली उभी करून पिळली का काय?" असं चारचौघांत विचारायचे. भगवानराव बिचारे किटली उचलून मुकाट घरी जायचे.

भांड्यांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. ज्या भांड्यात अख्खा हात घालून बूड घासता येत नाही ते भांडं दुधाचं नव्हेच, हा त्यांचा कायदा. अरुंद तोंडाची किटली आणणाऱ्याला ते रांगेतून बाहेर काढायचे, मग तो सरपंच असो की सख्खा साडू.

तर असा हा उभा जन्म दुधात घालवलेला माणूस. आणि घरात मात्र त्याला 'दूध' हा शब्द उच्चारायची चोरी झाली!

कारण सून. तात्यारावांच्या घरात सासऱ्यानं सुनेशी सरळ बोलायची रीत नव्हती. भांडणबिंडण काही नाही, रीतच तशी. तात्याराव छपराच्या पत्र्याकडं बघून बायकोला म्हणायचे, "आगं, सुनंला म्हणावं चहात साखर कमी टाक." सून तिथंच तीन हातांवर उभी. बायनाबाई म्हणायची, "ऐकलं तिनं." संपला विषय. दीड महिन्यापूर्वी सुनेला, प्रियंकाला, मुलगी झाली. लाडानं सगळे तिला चिमी म्हणायला लागले. चिमी अंगावर पीत होती, छान बाळसं धरत होती. त्या पिण्यापाजण्याच्या विषयात सासऱ्यानं तोंड उघडायचा प्रश्नच नव्हता.

पण प्रश्न आला. प्रियंका लिपिकाच्या परीक्षेत पास झाली होती. चार वर्षं घासली होती पोरीनं. दोन लग्नाआधी, दोन लग्नानंतर. आता कागदपत्रं तपासायला संभाजीनगरला बोलावणं आलं, बारा दिवसांनी. स्वतः हजर राहायचं, गैरहजर राहिलं की नाव कट, दुसरी तारीख नाही. लेकरू सोबत न्यावं, तर मे महिन्याचं ऊन. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा जिवाला एसटीत भाजून काढता का? घरी ठेवावं, तर चिमी आईशिवाय कशालाच तोंड लावत नव्हती. जाऊन-येऊन पंधरा तासांचा मामला होता.

"काढून फ्रीजमधी ठेवता येतंय म्हणं," प्रियंका सासूला हळूच म्हणाली. "बाटलीनं पाजायचं. निस्ती बाटली चांगली बघून आणाय पाहिजे."

तात्यारावांचा मुलगा गोपाळ परभणीत वायरमन होता. येताना आणतो म्हणाला. तेवढ्यात तात्याराव खाकरले.

"आगं, पोराला सांग, तू वायरीचं बघ. भांड्यातलं मला कळतंय. बाटली मी आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळचं संकलन उरकून, इस्त्रीचा सदरा घालून स्वारी परभणीला गेली. मेडिकलच्या दुकानात नागेश नावाचा पोरगेलासा दुकानदार होता. दुकानात तीन बायका उभ्या होत्या. त्या जाईपर्यंत तात्यारावांनी खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट दोनदा वाचलं.

"बोला काका."

"ते... लेकराचं भांडं पाहिजे."

"कसलं भांडं?"

"आरे, त्याचं. त्याच्यात ते टाकून पाजायचं."

नागेशनं समजून घेऊन बाटल्या काढल्या. तात्यारावांनी पहिली उचलली, झाकण फिरवलं आणि हात आत घालायला लागले. तीन बोटं गेली, पुढं अडलं. दुसरी घेतली. तीही तशीच. सहा बाटल्या झाल्या.

"काका, हात कामून घालायलात?"

"धुवायचं कसं मग? बुडाला साय धरली म्हंजी?"

"ब्रश येतो की त्याच्यासोबत."

"ब्रशाला काय कळतंय? बोटाला कळतंय, तळ निसरडा हाय का साफ हाय ते. हात आत जाईल अशी दाखव."

नागेशनं हात जोडले आणि दुकानातली सगळ्यांत रुंद तोंडाची, सगळ्यांत मोठी बाटली काढून दिली. तिच्यातही अख्खा हात जात नव्हता, पण चार बोटं जात होती. वरचं चोखायचं रबरी बुच मात्र मोठ्या लेकराचं होतं. नागेश ते सांगत होता, पण तेवढ्यात आणखी दोन बायका आल्या आणि तात्यारावांनी बाटली पिशवीत टाकून काढता पाय घेतला.

घरी बायनाबाईनं बाटली वर धरून बघितली. "आवं, ह्याच्यात लेकराला पाजायचं का न्हाऊ घालायचं?"

प्रियंका पदराआड हसली. तात्यारावांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

प्रियंकानं दूध काढलं, बाटलीत भरून चिमीच्या तोंडाशी नेलं. चिमीनं जिभेनं बुच बाहेर ढकललं. पुन्हा दिलं, पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा असा टाहो फोडला की शेजारची माणसं दारात आली. तात्याराव ओसरीवरून सगळं बघत होते. बाटलीतलं दूध त्यांना दिसलं, पातळ, निळसर. एकतीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "ह्याच्यात पाणी..."

बायनाबाईनं असं बघितलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

पण डोकं थांबतंय होय? दोन दिवस त्यांनी विचार केला. दूध येत नाही म्हणून लेकरू सोडून देतंय, भोक बारीक आहे, असं त्यांनी निदान केलं. वासराच्या बाटलीचं भोक असंच मोठं करतात. कुणाला न विचारता दाभण गॅसवर लाल केलं आणि बुचाला आरपार भोसकलं.

संध्याकाळी चिमीनं नेमकं एकदाच तोंड लावलं. भसकन दूध आलं. लेकराला ठसका लागला, तोंड लालबुंद झालं, श्वास कोंडला. प्रियंकानं तिला पालथी घेऊन पाठ थोपटली. क्षणभरात चिमी रडायला लागली, तेव्हा कुठं सगळ्यांच्या जिवात जीव आला. प्रियंकानं बाटली उलटी करून बघितली. धार लागली होती. तिनं सासऱ्याकडं बघितलं. रीत मोडून, सरळ त्यांच्याकडंच.

"मामा, मी न्हाई जात. ऱ्हाऊ द्या ती नोकरी."

आणि लेकरू घेऊन आत गेली.

तात्याराव त्या रात्री जेवले नाहीत. एखाद्याच्या किटलीतलं दूध नासलं तर गावभर बोंब मारणारा माणूस. आता आपल्याच हातानं पोरीची चार वर्षं नासवली होती. त्यांना स्वतःचा असा राग कधीच आला नव्हता.

सकाळी केंद्र बंद करून ते थेट नर्सबाईंकडं गेले. दैवशाला सिस्टर आरोग्य उपकेंद्रावर पंधरा वर्षं होत्या, बोलायला फटकळ. तिथंही चार बाया बसलेल्या होत्या, पण तात्याराव आज थांबले नाहीत.

"सिस्टर, सून अंगावर पाजायलीय. नात बाटलीचं दूध पियाना. म्या भोक मोठं केलं, ठसका लागला. काय करू सांगा."

बाया ऐकतच राहिल्या. सिस्टरनी आधी चांगलं अर्धा तास फैलावर घेतलं. मग शांत झाल्या. "दीड महिन्याच्या लेकराला सगळ्यांत हळू बुच पाहिजे. अंगावर पिताना त्याला कष्ट करावे लागतात, बाटलीतून पण तसंच थेंब थेंब आलं पाहिजे. बाटली लहान घ्या, उकळून घेता आली म्हणजे झालं. नाहीच घेतलं तर वाटी-चमचा आहे. आणि दूध पातळ दिसलं म्हणून तिला काही बोलला नाहीत ना?"

"न्हाई," तात्याराव म्हणाले. अर्धं वाक्य म्हणजे काही वाक्य नव्हे.

"आईचं दूध तसंच असतं. बाटली धरत कोण होतं?"

"सूनच की."

"तिथंच चुकलं. आई जवळ असताना लेकरू रबर कशाला चोखतंय? तिला घराबाहेर पाठवा. दुसऱ्यानं पाजा."

"बायकूला सांगतो."

"बायनाबाई मिश्री लावतात. तोंड जवळ नेलं की वासानं लेकरू मान फिरवतंय, मी बघितलंय. तुम्ही पाजा."

तात्यारावांनी उभ्या आयुष्यात तान्हं लेकरू मांडीवर घेतलं नव्हतं. गोपाळला घेतला तो चालायला लागल्यावर, तेही जत्रेत हरवू नये म्हणून.

दुपारी ते नागेशकडं गेले आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "अंगावर पिणाऱ्या लेकराची बाटली दे. लहान. सगळ्यांत हळू बुच. हात आत जायची गरज न्हाई."

मग शिकवणी सुरू झाली. प्रियंका "तुमी म्हणता म्हून" असं सासूला सांगून शेजारी जाऊन बसायची. इकडं तात्याराव पलंगावर पाय पसरून, मांडीवर उशी, उशीवर चिमी. दूध कोमट झालं का बघायला त्यांनी थेंब मनगटावर टाकला आणि सवयीनं जीभ पुढं नेली. मग एकदम थबकले, कानापर्यंत लाल झाले आणि मनगट सदऱ्याला पुसलं. बायनाबाई पोट धरून हसली.

"बगा की, फॅट किती लागलं ते!"

पहिल्या दिवशी चिमीनं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बुच नुसतं चघळलं. चौथ्या दिवशी चार घोट प्यायली, पाचव्या दिवशी पुन्हा रुसली. एक दिवस बरा गेला की दुसरा बेजार करायचा. दिवस मात्र संपले. निघायच्या पहाटे प्रियंका उंबऱ्यात घुटमळत होती. "प्यायली न्हाई तर फोन करा. मी असंल तिथून माघारी येते," असं तिनं सासूला सांगितलं, पण बघत होती सासऱ्याकडं. गोपाळनं तिला जवळजवळ ओढूनच गाडीत बसवलं.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा तात्याराव केंद्रावर गेले नाहीत. शेजारच्या सिद्धोधनला किल्ली दिली. गावात अफवा उठली की तात्याराव आजारी आहेत, आणि त्या दिवशी केंद्रावर दूध जरा जास्तच जमा झालं म्हणतात.

सात वाजता चिमी उठली. तात्यारावांनी बाटली दिली, तिनं थुंकून टाकली. चिमीला घरभर फिरवलं, दारात नेलं, बाटली परत दिली, परत तेच. वाटी-चमच्यानं दोन-चार थेंब गेले, बाकी सगळे गळ्यावरून झबल्यात. चिमी प्रत्येक पावलाच्या आवाजाला दाराकडं मान वळवत होती. नऊला फोन वाजला. बायनाबाईनं रडत्या चिमीला उचललं आणि मागच्या दारानं गोठ्यापलीकडं पळाली.

"मामा, जालन्याच्या स्टँडवर हाय. प्यायली का?"

समोर भरलेली बाटली होती. खरं सांगावं तर पोरगी तिथंच उतरणार.

"प्यायली. सगळी बाटली प्यायली. झोपली आता. तू फिकीर करू नको, जा."

फोन ठेवला आणि ते चिमीला आणायला मागच्या दाराकडं धावले.

बारा वाजता, सगळे थकल्यावर, चिमीनं काय मनात आलं कुणास ठाऊक, बुच तोंडात घेतलं आणि ओढायला लागली. तात्याराव हललेसुद्धा नाहीत. पायाला मुंग्या आल्या तरी तसेच बसून राहिले. मग तीनला प्यायली, सहाला प्यायली, ढेकर दिली आणि आजोबाच्या मांडीवर गाढ झोपली.

साडेआठला प्रियंका आली. काम झालं होतं, कागद सगळे बरोबर निघाले होते. पाय न धुता ती आत धावली. चिमी झोपलेली, पोट टुमटुमीत. प्रियंका बघत उभी राहिली. दिवसभर दुधानं अंग ठणकत होतं, कपडे भिजले होते, आणि हिला तर आईची गरजही लागली नव्हती! ती भिंतीला टेकून रडायला लागली.

"ही तर खुशाल हाय. माझ्यावाचून काय सुदिक अडलं न्हाई हिचं."

तात्यारावांनी पत्र्याकडं बघितलं. मग मान खाली घेतली आणि सुनेकडं बघितलं.

"पोरी, खोटं बोललो म्या. सात वाजल्यापसून बारापस्तोर पियाली न्हाई. दाराकडं बघून बघून रडायली व्हती. तुलाच हुडकायली व्हती."

प्रियंकानं डोळे पुसले.

"पाच तास?"

"पाच तास."

"लय रडली?"

"लय. गाव गोळा झालं."

"बरं झालं," प्रियंका म्हणाली, आणि झोपलेल्या चिमीला उचलून तिनं छातीशी धरलं.