नझलाला कोणी रडलं नाही

शेजारच्या नझलाचा मुलगा वहीद कैरोला स्टुडिओत लागला. काचेमागे बसून गाणाऱ्यांचे आवाज टेपवर घ्यायचे, हे त्याचं काम. कान फार तिखट पोराचा. पुढे स्वतःच कॅसेटी काढू लागला.

त्याच सुमारास आमच्या गावात उम्म बसयुनी नावाच्या बाईचा मुलगा कालव्यात बुडाला. आमच्याकडे मेलेल्या माणसाला बायका गाऊन रडतात. एकाचे शब्द दुसऱ्याला लावत नाहीत, आणि मयत नसताना तोंडातून काढत नाहीत. उम्म बसयुनी साऱ्या गावाच्या मयतांना रडायची. त्या दिवशी आपल्या पोराला रडली. गावी आलेल्या वहीदने खिडकीखाली टेपचं यंत्र ठेवून ते सगळं उचललं.

कैरोत त्याने त्याला ढोलाचा ठेका लावला आणि आपल्याच आवाजात गायलं. गाणं असं चाललं, की वहीद लग्नांच्या मांडवांतून गाऊ लागला. नवऱ्यामुली त्यावर नाचल्या.

नझलाने ते मिनीबसमध्ये ऐकलं आणि मधेच उतरून घरापर्यंत चालत आली. ईदला वहीद आला, तेव्हा मी तिच्याकडेच शेंगा सोलत होते.

"मी मेल्यावर मला कोण रडेल रे?" नझलाने त्याला विचारलं.

"कैरोतून आणीन की चांगल्या बायका."

"त्यांना माझं नाव तरी ठाऊक असेल का? जा, उम्म बसयुनीच्या डोक्याचा मुका घे, माफी माग."

"पुढच्या खेपेला, आई."

पुढच्या खेपेला तो आला तो तिला पुरायलाच.

आम्ही बायका काळं नेसून बसलो, कडू कॉफी प्यायलो. सगळ्यांचे डोळे उम्म बसयुनीकडे. तिने सुरू केल्याशिवाय कोण तोंड उघडणार? ती भिंतीकडे बघत होती.

शेवटी वहीदच बायकांत आला आणि तिच्यापुढे बसला. "मावशी, माझ्यावर राग धर. आईने काय केलंय?"

"तिने काही नाही केलं, बाळा. पण तुझ्या खिशात काय आहे, मला काय ठाऊक?"

त्याने खिसे उलटे केले. रुमाल, फोन, किल्ल्या, सगळं चटईवर ठेवलं.

"कानही ठेव काढून," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. बाहेर पुरुषांनी जनाजा उचलला. गावातून मयत चालली आणि खांदेकऱ्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

वहीद कैरोला परतला. गाणं अजून वाजतं. परवा नातीच्या लग्नात लावलं होतं. ठेका असा आहे मेल्याचा, की पाय आपोआप हलतो. मी दुसरा पाय त्यावर दाबून बसले.