गाडीच्या मागची खोली

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की थ्रेशर बिघडतात, आणि ते शेतातच बिघडतात. म्हणून या दिवसांत मी घरी नसतो. आज मंगरूळपीरकडं, उद्या आणखी कुठं, जिथलं मशीन बंद पडलं तिथं जायचं, बेअरिंग बदलायचं, पट्टा घालायचा आणि तिथंच गोठ्याच्या कडेला आडवं व्हायचं. माझं गाव कोल्हापूरकडं. आठवीत शाळा सोडली, हाताला पाना आला, आणि कामाच्या मागं येत येत मी मंगरूळपीरकडच्या मालेगावात येऊन राहिलो. इथल्या लोकांनी ठेवून घेतलं. हे मी विसरत नाही.

पूर्वी बायको माझ्याबरोबर शेतात यायची, मिळेल तिथं झोपायची. तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि ते बंद झालं. डॉक्टरांनी जमिनीवर झोपायला मनाई केली. तेही चाललं असतं, पण सकाळी तिला कुणीतरी धरून उठवावं लागायचं. एकटी असली की ती तशीच पडून राहणार. म्हणून मागच्या हंगामात तिला माहेरी धाडली. भावजयीनं वाईट वागवलं असं ती कधी म्हणाली नाही. परत आली तेव्हा मात्र पाणी मागतानासुद्धा आधी माझ्या तोंडाकडं बघायची. या वर्षी पुन्हा धाडायची नाही, एवढं मी ठरवलं.

मग गाडीच्या मागं ओढता येईल अशी खोली बांधायची, हे डोक्यात बसलं. गाडी म्हणजे जुनी, लहान इंजिनाची. चढाला चार माणसं बसली तरी दम टाकते. तिच्यामागं लोखंडाची पेटी लावली तर ती जागची हलणार नाही. तेव्हा सगळा विचार वजनाचाच. खालचा सांगाडा पातळ चौकोनी पाइपचा, चाकं भंगारातल्या गाडीची. भिंतींना पातळ प्लाय, मध्ये थर्मोकोल. वरून मांजरपाटाचं जाडं कापड गोंदानं चिकटवून त्यावर ऑइलपेंटचे हात. मांजरपाट बायकोनं खुर्चीवर बसून शिवला. आतल्या पलंगाची उंची ठरवायला मी विटा रचल्या, वर फळी टाकली, तिला बसवलं. एक वीट काढ, एक घाल. पाय जमिनीला टेकून, कण्हल्याशिवाय ती उभी राहिली, ती उंची मी खडूनं भिंतीवर मारली.

दिवसभर दुसऱ्यांची मशीनं आणि संध्याकाळी हे. जेवताना हातातला घास तसाच राहायचा. खोली उन्हात तापली तर, थर्मोकोल सुटला तर, रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर काय सांगायचं, असलं काहीतरी सतत चालू.

काम घरमालकांच्या गोठ्यात चाललं होतं. त्यांनी जागेच्या भाड्याचं कधी काढलं नाही, उलट रोज येऊन बसायचे. त्यांच्या घरी अजून बैलजोडी आहे. बैलगाडी भरायची तर अशी की जू एका बोटावर उचललं पाहिजे, बैलाच्या खांद्यावर भार येऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. आमच्या खोलीचंही तसंच करायला त्यांनी सांगितलं. "म्हतारी हाय तुही गाडी. तिले कायले तरास?" मला ते पटलं. पाण्याचे कॅन, शेगडी, पान्यांची पेटी, सगळं मी मागच्या बाजूला बसवलं. शेवटी खोली गाडीला जोडायची दांडी खरंच एका बोटावर उचलली जायला लागली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकून झाल्यावर त्यांनी उरलेलं लोणी आमच्या गाडीच्या हुकालाही चोळलं. बायको त्या दिवशी पोटभर हसली.

सोंगणीच्या तोंडावर आम्ही खोली किन्हीराजा गावच्या रस्त्याला काढली. घरमालक मागून मोटरसायकलवर. हळू होतो तोवर ठीक होतं. जरा वेग घेतला आणि खोली डावी-उजवीकडं झुलायला लागली. मग गाडीलाच झोके द्यायला लागली. कशीबशी कडेला घेतली. बायकोनं दोन्ही हातांनी सीट धरली होती, ओठ पांढरे पडले होते. मी फोन काढला आणि तिच्या भावाचा नंबर शोधायला लागलो.

तिनं ते बघितलं. "मला माघारी धाडायचा इचार असंल तर तसं सांगा. पर त्या खोलीला बोल लावू नका."

मी फोन खिशात घातला.

घरमालक येऊन खोलीभोवती फिरले. शेपूट हालवून राह्यली, म्हणाले. मग दांडी एका बोटानं उचलून बघितली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "बैलाले खांदा अस्ते बाप्पा. तुह्या गाडीले कुठं हाय? बसू दे भार तिच्यावर."

तिथंच रस्त्याच्या कडेला मी आणि घरमालकांनी कॅन आणि पेटी पुढं आणली. दांडी आता एका हाताला जड झाली. हुकात अडकवली तशी गाडीची मागची बाजू जराशी दबली आणि मला वाईट वाटलं. पण खोली सरळ आली. किन्हीराजापर्यंत मी मान वळवून वळवून बघत होतो, ती मागून निमूट येत होती.

तिथल्या शेतात थ्रेशरचं काम अंधार पडेपर्यंत चाललं. कधी झोपलो ते कळलं नाही.

सकाळी जाग आली तर शेजारची जागा रिकामी. ती पडली असणार, असंच वाटलं. धडपडत दार उघडलं. ती बाहेर उभी होती, एक हात कमरेवर, आणि थ्रेशरवाल्याला सांगत होती की माणूस दमलाय, चहा झाल्याशिवाय मी उठवणार नाही.