बंदरावरून वर येणारी रिकामी लॉरी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पूर्वी नव्हता, आणि पुढे लिहिणार आहे ते घडून गेल्यावरही बसलेला नाही. आमच्या रत्नागिरीत असं बोलणं जरा उद्धटपणाचं समजतात, कारण इथे प्रत्येक वडा-पिंपळाला कुणी ना कुणी नेमून दिलेलं असतं. मी हायस्कुलात शास्त्र शिकवतो. तुमच्या मासिकाच्या या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो आणि घुबड, वारा व रात्रीचं जड जेवण या तिघांवर त्यांतले बहुतेक निकालात काढतो. माझ्या अनुभवाला या तिघांपैकी कुणीच लागू पडत नाही, म्हणून तो लिहून पाठवतो आहे. वेळ भर दुपारची होती, आणि पोटात नुसती पेज होती.

दत्ताराम माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मुंबईला गिरणीत होता. कापसाच्या धुळीने त्याची छाती धरली आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं – परत त्या खात्यात गेलास तर पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नकोस, उपयोग नाही. म्हणून तो गावी आला. आला तर खरा, पण खायचं काय? जमीन म्हणजे कातळ, त्यावर गवत सोडून काही उगवायला राजी नाही. मुंबईत असताना गोदीतल्या एका दोस्ताकडून तो लॉरी चालवायला शिकला होता. बागांतून आंब्याच्या पेट्या बंदरावर न्यायच्या, असा त्याचा बेत. बैलगाडी पोचेपर्यंत आगबोट सुटते, आणि आंबा काही पुढच्या बोटीची वाट बघत बसत नाही. बेत चांगला होता. फक्त त्याच्याजवळची सगळी पुंजी एका लॉरीतच जाणार होती. ती बसली, तर दुसरी लॉरी नाही… गिरणीच.

बायकोने मला निघताना उंबऱ्यात अडवलं.

“शास्त्र शिकवता ना पोरांना? मग त्या लोखंडाकडे बघून खरं काय ते सांगा. त्याचं मन राखायला हो म्हणू नका, नि मला बरं वाटावं म्हणून नाही म्हणू नका.”

“आणि मला कळलंच नाही तर?”

“तर तसं सांगा. जमत असेल तर.”

लॉरी एका रावसाहेबांची होती. ही पदवी सरकारने त्यांना का दिली, हे सरकारलाही आता आठवत नसावं. पण रावसाहेब विसरू देत नसत. मारुती मंदिराच्या पुढे, नाचणे गावाच्या रस्त्याला त्यांची शेड होती. लॉरी लहानखुरी, अमेरिकन बनावटीची – पुढे दोघांपुरती जागा, मागे उघडा लाकडी हौदा. तिने रावसाहेबांचे जांभ्या दगडाचे चिरे वाहिले होते, हंगामात बंदरावरचे उतारू वाहिले होते, आणि एकदा कुणी बडा साहेब आला तेव्हा फुलांची कमानही वाहिली होती. दारांवर सोनेरी अक्षरांत मालकाचं नाव पदवीसकट रंगवलेलं. खाऱ्या हवेने नाव खाल्लं होतं, पदवी शाबूत होती.

“गंज आहे बराच,” मी म्हणालो.

“गंज नव्हे हो मास्तर!” रावसाहेब म्हणाले. “पोलाद मुरलंय. लोणचं मुरतं तसं. नवं पोलाद तकलादू असतं, हे तुमच्या पुस्तकांत देत नाहीत.”

“कधी अपघात वगैरे?”

“एक कोंबडी मेलेली नाही या गाडीखाली. गावात कुणालाही विचारा.”

(मी नंतर विचारलं. खरोखर कोंबडीसुद्धा मेली नव्हती. हे इथेच सांगतो, म्हणजे पुढे कुणी वाचक उगाच एखादं प्रेत शोधत बसणार नाही.)

मी गाडीखाली शिरलो आणि हातोडीने ठोकत गेलो. वरचा पत्रा चाळणीसारखा झाला होता, पण त्याचं फारसं वाटलं नाही. पत्रा काही ओझं उचलत नाही. खरी गोष्ट मागे होती. चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, ज्या जागी मागच्या स्प्रिंगांचे पाटे अडकवलेले असतात, तिथे हातोडी लागताच लोखंडाचे पापुद्रे सुटून माझ्या डोळ्यांत पडले.

“दत्तू,” मी बाहेर येऊन हळूच म्हणालो, “वरचा गंज म्हणजे नुसती खरूज. पण हा हाडाला लागलाय. पेट्या भरल्यास की चासी इथे वाकेल.”

त्याचा चेहरा उतरला. “नक्की वाकेल?”

“ओझं घालून बघितल्याशिवाय नक्की कसं सांगू?”

रावसाहेबांकडे चिऱ्यांची रास पडलेली होती, पण चिरे भरून बघू का म्हटल्यावर त्यांना तो आपल्या शब्दाचा अपमान वाटला. “रिकामी फिरवून आणा की बंदरापर्यंत! चाल कळेल.” आणि ते आरामखुर्चीत जाऊन बसले.

आम्ही निघालो. श्रावणातलं धुतलेलं ऊन पडलं होतं. माळनाक्यावरून खाली उतरताना गाडी रिकाम्या डब्यासारखी खडखडत होती. मांडवीच्या बंदरावर चिटपाखरू नव्हतं. पावसाळ्यात आगबोटी बंद. आगबोटीपर्यंत नेणारे पडाव वर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवलेले, समुद्र गढूळ आणि आपल्याच नादात. दत्तूने गाडी वळवून तोंड गावाकडे केलं.

“मी मागे बसतो,” मी म्हणालो. हौद्याची एक फळी कुजून पडली होती, आणि त्या फटीतून नेमका तो गंजका भाग आणि पाट्यांची कमान दिसत होती. “चढावर तिथे काही हलतं का, बघतो. तू सावकाश घे.”

हौद्याचा मागचा फाळका उघडाच लोंबत होता. मी धोतर सावरून फटीशी बसलो. इंजिन चालू, गाडी जागच्या जागी उभी… आणि मला कमान दबताना दिसली.

आधी डावीकडची, किंचित. मग गाडी त्या अंगाला कलली आणि पुन्हा सरळ झाली. मग परत. माणूस फाळक्यावर पाय देऊन वर चढतो तेव्हा गाडी कशी मागून दबते आणि तो आत सरकला की सावरते – अगदी तसं. घाई नव्हती. एक झालं की दुसरं. फळ्या करकरल्या. पाटे दबत दबत सपाट होत आले. हवेत गारवा नाही, वास नाही, आवाज नाही. बंदरावरच्या कचेरीच्या कौलांवर कावळा बसला होता, तोही हलला नाही. आणि मी काय केलं? मी धोतराचा सोगा आवरला आणि सरकून बसलो. जागा करून दिली. कुणाला, हे माझ्या मनात नंतर आलं.

गाडी हलली. हलली म्हणण्यापेक्षा, तिने जोर काढला. जी खाली येताना उड्या मारत होती, ती आता दमदार, जड चालीने निघाली. खडखडाट पार बंद. माझे डोळे फटीला चिकटलेले: गंजकी चासी पूर्ण दबलेल्या पाट्यांवर ओझं घेऊन चालली होती आणि तसूभरही वाकत नव्हती.

राम आळीच्या तोंडाशी दत्तूने गाडी थांबवून मान मागे वळवली.

“भावजी, पाठी कोणाला घेतलंत ओ?”

“कुणाला नाही.”

“मस्करी नको. इंजिन ओढत नाय. पाठी माणसं हायत.”

“ये, बघ.”

तो उतरून आला. हौद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाकून पाट्यांकडे पाहिलं. तेवढ्यात गाडी पुन्हा किंचित हलली आणि डावी कमान थोडी वर आली. आम्हा दोघांच्या देखत. कुणीतरी राम आळीला उतरलं होतं – याहून वेगळ्या शब्दांत मला ते अजून मांडता येत नाही.

दत्तूने पाट्यांवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाला, “चढाच्या आधी गिअर टाकायला पायजे.” आणि जाऊन बसला.

चढावर गाडी कण्हत, पण न थांबता वर आली. त्यानंतर तो ठिकठिकाणी थांबत गेला. एकदा बैलगाडी आडवी होती, एकदा म्हैस, आणि माळनाक्यावर तर रस्त्यात काहीच नव्हतं. “इथे का थांबलास?” मी विचारलं. “ठाव नाय,” तो म्हणाला, “थांबावं वाटलं.” दर वेळी पाटे जरा जरा उचलले गेले. मारुती मंदिराशी शेवटचा झोल बसला आणि गाडी पुन्हा रिकाम्या डब्यासारखी खडखडायला लागली. शेड दिसू लागली तशी दत्तूने गाडी कडेला घेतली.

मी पुन्हा खाली शिरलो. पापुद्रे होते तसेच होते. तडा नाही, वाक नाही. रिबिटं जागच्या जागी.

“बोला भावजी,” तो वरून म्हणाला. त्याला खोकला आला आणि तो थांबेपर्यंत मी तसाच पडून राहिलो. “घेऊ की नको?”

माझी अडचण बघा. नको म्हणावं, तर कारण एकच – ही चासी ओझं धरणार नाही. आणि ती धरताना तर मी आत्ताच पाहिली होती. घे म्हणावं, तर पुरावा म्हणून अशा ओझ्याची साक्ष काढायची, की जे नव्हतं. माझ्या वर्गात एखाद्याने असला प्रयोग लिहून आणला असता, तर मी पानावर लाल शाईने आडवी रेघ मारली असती. पण मला विचारलेला प्रश्न भुतांचा नव्हता. लोखंडाचा होता.

“घे,” मी म्हणालो. “चासी धरते.”

“तुम्ही तर वाकेल म्हणत होतात.”

“तेव्हा पाहिलं नव्हतं.”

त्याने घेतली. रावसाहेब म्हणाले, “मुरलेलं पोलाद! सांगत नव्हतो?” आम्ही दोघांनी मान डोलावली.

घरी बायको वाटच बघत होती. “ओझं घालून बघितलंत?”

“बघितलं.”

“कसलं?”

मी पाय धुवायला विहिरीवर गेलो. नंतर तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “पण धरलं ना?”

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी माझ्या परीने कारण शोधलं. गंजलेले पाटे एकमेकांना चिकटून बसतात आणि धक्का बसला की सुटतात, त्याने गाडी खाली बसू शकते. हे मी पटवून घेतलंही होतं. पण सुटलेली कमान ठिकठिकाणी आपोआप वर कशी येते? आणि पाटे चिकटल्याने इंजिनला ओझं का व्हावं? मुंबईच्या एका ओळखीच्या इंजिनिअरला कळवलं, तर त्याने माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांचं मला पटत नाही.

लॉरी चालते आहे. दत्तूने पाटे धुऊन ग्रीस केले, मागे लोखंडी पट्ट्या मारून घेतल्या, दारावरची पदवी खरवडून काढली. हंगामात आंबा घेऊन तो बंदरावर उतरतो, आणि वर येताना रिकामी गाडी कधी हलकी असते, कधी जड. जड असली की तो थांबत थांबत येतो. “सगळं बेस,” तो म्हणतो, “फक्त परतीचं भाडं कोण देत नाय.” अंगाने भरला आहे. खोकला गेला.

गेल्या हंगामात मी त्याच्या शेजारी बसून वर येत होतो. राम आळीशी तो थांबला, आणि मागे फळी करकरली. मी न राहवून विचारलं, “दत्तू, भीती नाही रे वाटत तुला?”

त्याने आरशात पाहिलं नाही, मागेही पाहिलं नाही.

“वाटायची की,” तो म्हणाला. “तुम्ही गाडीखाली पडून काय बोलत नव्हतात ना, तेवा. गिरणी दिसत होती समोर. आता कसली?”

आणि चढासाठी त्याने गिअर टाकला.