आमचूर कोणत्या कप्प्यात

मे महिन्यातला तिसरा रविवार, सकाळ. हजर: मी, माझे धाकटे दीर, सासूबाई आणि धडगावकडून पहिल्या जीपने आलेली, आम्हाला आमचूर पुरवणारी बाई. गैरहजर: माझा नवरा. तो केळीच्या गाडीबरोबर म्हसावदला गेला होता. भांडण होणार हे त्याला शनिवारीच माहीत होतं, म्हणून गाडी त्याने रविवारी ठेवली.

विषय एकच होता. आमचं आमचूर ऑनलाइन बाजारात चुकीच्या कप्प्यात पडलं होतं आणि दिसेनासं झालं होतं.

आमच्या भागात आमचूर म्हणजे कैरी सोलून, फोडी करून, उन्हात पांढऱ्या होईपर्यंत वाळवलेल्या चकत्या. कुटलं की ती पावडर. बाकीच्या जगात आमचूर म्हणजे पावडरच. दिरांनी खातं उघडलं तेव्हा ‘आमचूर’ एवढंच टाइप केलं, फोनने ‘मसाला पावडर’ हा कप्पा सुचवला आणि त्यांनी तो दाबला. मग पुण्याच्या गिऱ्हाइकांनी पाकीट फोडलं आणि आतून चकत्या निघाल्या. कोणी लिहिलं, कुटायला विसरलात का. कोणी लिहिलं, लाकडाच्या ढलप्या पाठवल्या. पाकिटं परत येऊ लागली. परतीचा माल वाढला की तो बाजार तुम्हाला मागच्या पानांवर ढकलतो, आणि तिथे कोणी जात नाही.

यावर दिरांनी मला न विचारता उपाय केला. माल उचलून ‘सुका मेवा’मध्ये टाकला. तिथे वाळलेल्या आंब्याचा उपकप्पा होता आणि विकणारे मोजकेच, त्यामुळे आठवडाभर आम्ही पहिल्या पानावर होतो. त्या आठवड्यात त्यांची चालच बदलली. पानटपरीवर उभं राहून लोकांना फोन दाखवत होते. मग मुलांना खाऊ म्हणून पाकिटं घेणाऱ्या आयांचे अभिप्राय आले. गोड आंबा समजून पोराने तोंडात टाकलं आणि थुंकलं. दात आंबले. फसवणूक. शेवटी बाजाराकडूनच सूचना आली, की चुकीच्या कप्प्याची आणखी एक तक्रार आली तर माल कायमचा काढून टाकू.

आणि इथे ओट्यावर ती बाई बसली होती. तिच्या घरी यंदाचं सगळं आमचूर ताडपत्रीखाली तयार होतं. दोन दिवसांनी व्यापाऱ्याचा टेम्पो तिच्या पाड्यावर येणार होता. आम्ही घेणार नसू तर तिला ते त्याला द्यावं लागणार, तो म्हणेल त्या दराने. आणि ती थांबली आणि आम्ही ऐनवेळी नाही म्हटलं, तर दमट हवेत चकत्या काळ्या पडणार आणि मग तोही पडत्या भावाने मागणार. तिला हो किंवा नाही एवढंच हवं होतं.

“भाऊजी,” मी म्हणाले, “खडे मसाले. दालचिनी, जायपत्री, वाळलेलं आलं जिथे आहे तिथे. तिथे येणाऱ्या माणसाला अख्खी वस्तूच हवी असते.”

“वहिनी, तठे जिरं शे, मोहरी शे, लवंग शे. आपलं आमचूर कोण देखी? चाळीसाव्या पानवर जाई.”

“आत्ता कुठल्या पानावर आहे?”

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “दुकान फोनमा, अन् भांडण घरमा.”

मी पुढचं काढलं. परतीच्या अभिप्रायांमध्ये नाशिकच्या एका बाईने रागाने लिहिलं होतं: हे आमचूर नव्हे, ही तर आंबोशी आहे, आम्हाला मूर्ख समजता का. दिरांनी ते वाचून तिला उलट शिवी लिहिली होती. मी ते वाचून शब्द उचलला. तिकडे वाळलेल्या कैरीच्या फोडींना आंबोशी म्हणतात. ती शोधणारी माणसं आंबोशी टाइप करतात, आणि आमच्या मालावर तो शब्द कुठेच नव्हता. म्हणून मी म्हटलं, नावात लिहा: आमचूर फोडी, म्हणजे आंबोशी, कुटलेली नाही. फोटोत चकती हातात धरलेली दाखवा. आणि कप्पा खडे मसाले.

“आंबोशी?” दीर हसले. “तुमना माहेरना शब्द व्हई. आठे आमचूर म्हणतस. आपली वळख शे ती. ती बाई शिव्या देस, अन् तुम्ही तिना शब्द पाकिटवर छापा.”

“माझ्या माहेरीही आमचूरच म्हणतात. आणि ओळख गिऱ्हाइकाला पटायला हवी, तुम्हाला नाही.”

“तुमले काय समजस यामा? खातं मन्हा नाववर शे.”

“म्हणूनच पाकिटं परत येतायत.”

सासूबाईंचा हात थांबला. हे मी बोलायला नको होतं असं त्यांचं तोंड सांगत होतं. मला तसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. दोन वर्षं पाकिटं मी भरते, वजन मी करते, परत आलेलं फोडून मी निवडते, आणि नाव त्यांचं आहे एवढ्यावर ते मला यातलं काय समजतं असं विचारतात.

त्यांनी मोबाइल माझ्या मांडीवर टाकला. “घ्या. करा. बुडनं तर तुम्ही सांगा भाऊले.”

मी केलं. नाव बदललं, फोटो लावला, वर्णनात आंबटपणा पहिल्याच ओळीत घातला, कप्पा खडे मसाले निवडला. शेवटी खातेदाराची संमती मागणारं बटण आलं आणि ओटीपी गेला. तो याच फोनवर येणार होता. दिरांनी वाकून माझ्या मांडीवरचा फोन उचलला, खिशात घातला आणि चपला घातल्या.

“ओटीपी सांगा ना.”

“चाळीसाव्या पानवर जायनं शे का तुमले? मन्हा हातथून नही.”

मोटरसायकल सुरू झाली. सासूबाईंनी लसणाची सालं गोळा केली आणि आत गेल्या. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तोबी तसाच, तूबी तशीच.”

आमचूरवाली बाई उठली. आमचं भांडण तिला सगळं कळलं नसेल, पण दीर रागाने निघून गेल्याचं कळलं असणार. “ताई, टेम्पोला देऊ का थांबू?”

मला माहीत नव्हतं. माहीत नसताना मी म्हणाले, “थांबा. टेम्पोला देऊ नका.” तिने मान हलवली आणि स्टँडकडे गेली. तिच्या पाड्यावर फोन लागत नाही, त्यामुळे तो शब्द परत घ्यायची सोयही राहिली नाही.

टेम्पो येऊन रिकामा गेला, असं काल तिच्या गावच्या जीपवाल्याने सांगितलं. तिने माल दिला नाही. दीर रोज जेवायला येतात, फोन उलटा ठेवून जेवतात, आणि मी ताट वाढते. माझ्या फोनवरून रोज नवा ओटीपी मागवते, तो त्यांच्या खिशात वाजतो. आमचूर अजून सुक्या मेव्यातच पडलंय, आणि कप्पा बदलायला नवऱ्याला मध्ये घालायचं तेवढं राहिलंय.