करावे बंदरावरची पाऊणकी

तमाम सुज्ञ जनांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, गेल्या हिवाळ्यात ठाणे जिल्ह्यात पाऊणकी धोक्यात आली होती! खाडीपलीकडच्या करावे गावचे गुरुजी मुलांकडून हा पाऊणचा पाढा घोकून घेत नाहीत, अशी तक्रार होती. खरी ठरली तर गुरुजींची बदली. आणि खरं-खोटं ठरवणारा शाळा-तपासनीस म्हणजे साक्षात मी.

ट्रॉम्बेहून होडीनं निघालो, दोनला करावे बंदराला लागलो. उतरताना नाखवा (होडीचा मालक) म्हणाला, "पानी उतरायच्या आत या, सायेब."

"पाचला निघू," मी मनगटावरचं घड्याळ दाखवत म्हणालो.

शाळा म्हणजे देवळाची पडवी. मी गर्जना केली, "चार पाऊण?"

नाखव्याचीच नऊ वर्षांची हिरा उभी राहिली आणि तिनं मलाच विचारलं, "कशाचं पाऊन?"

"पाऊणकीत कशाचं नसतं! नुसतं पाऊण असतं! चार पाऊण तीन!"

हिराला ते पटलेलं दिसलं नाही. गुरुजी हळूच म्हणाले, "आधी कळू द्यावं, साहेब. पाठ आपोआप होतं." मी वहीत लिहिलं: मुलांस पाऊणकी येत नाही. गुरुजींनी ते वाचलं, तरी मला जेवू घातलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणारे मासे) कालवण. मी तीनदा वाढून घेतलं आणि गप्पा हाणत बसलो.

पाचला बंदरावर आलो तर खाडी गायब! होडी चिखलात आडवी. तिच्याकडे दोन पावलं टाकली आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. पोटातल्या निवट्यांना घरी आल्यासारखं वाटलं असेल.

"आज चवथ हाय ना?" काठावरून हिरा म्हणाली. "तीनला पुरी भरती. मंग पानी जानारच."

"तुला कसं कळलं?"

"आवशेला, चंद्र नसतो तवा, बाराला भरती. मंग दर तिथीला पाऊन तास पुढं. चार पाऊन तीन. तुमीच बोल्लेव की!"

रात्र गुरुजींच्या ओटीवर काढली. दुसऱ्या दिवशी निघायचं कधी, हे मी कुणालाच विचारलं नाही. बोटं मोजली. काल चौथ, आज पंचमी. पाच पाऊण... "पावणेचार!" मी ओरडलो. पस्तीस वर्षं घोकलेल्या पाऊणकीत पाणी चढताना मला पहिल्यांदा दिसलं. साडेतीनलाच चपला हातात घेऊन मी बंदरावर हजर होतो, आणि पावणेचारला पाणी धक्क्याला काठोकाठ लागलं.

परतताना होडीतच वहीतलं ते पान फाडलं आणि नवं लिहिलं: गुरुजींची बदली करू नये. मुलांना पाऊणकी येते. तपासनिसाला येत नव्हती. फक्त होडी सुटताना धक्क्यावरून हिरानं सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी जी आरोळी ठोकली, ती अहवालात घालायचं धाडस झालं नाही:

"गुरुजी, सायबांना पाऊनकी आली!"