दुर्गाचं सगळं हिरवं

राइस मिलच्या मागे कोंड्याचा ढीग होतो, तो कोणी मुद्दाम रचत नाही. आमच्या तिघांचे किस्से तसेच साठलेत.

आमगावात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. दर रविवारी तिथे आम्ही जमतो: मी, गोंदियाहून गाडीने येणारा पंकज आणि दुर्गा. काम करतो एका मोफत सॉफ्टवेअरवर. कालव्याचं पाणी कोणत्या शेताला कधी, ते हे सॉफ्टवेअर ठरवून देतं. कोड सगळ्यांसाठी खुला, बदल कोणीही सुचवावा. बदल पाठवला की मशीन आपोआप शेकडो टेस्ट घेतं. सगळं बरोबर असलं तर हिरवं, चुकलं तर लाल. हिरवं झालं की दूर देशातल्या एक प्रमुख बाई तो बदल तपासून स्वीकारतात.

आधीच कबूल करतो. दुर्गा माझीच विद्यार्थिनी. माऊस कसा धरायचा, हे तिला मी शिकवलं! आणि या बहुतेक किश्श्यांत मी तिच्यावर जळतो आहे.

*

दुर्गाने पहिलाच बदल पाठवला आणि पहिल्याच फटक्यात हिरवा! माझा पहिला बदल हिरवा व्हायला तीन आठवडे लागले होते.

मी म्हणालो, "नशीब असतं एकेकाचं."

पंकज चहा फुंकत म्हणाला, "नसीब नहीं सर, इसने पढ़ के लिखा है. आप लिख के पढ़ते हो!"

त्या दिवशी पंकजच्या चहाचे पैसे मी दिले नाहीत.

*

एकदा प्रमुख बाईंनी एक जुनी चूक सगळ्यांसमोर ठेवली. जो आधी दुरुस्त करेल त्याचा बदल घेणार. मला ठाऊक होतं, दुर्गा सकाळी सातला लॅपटॉप उघडते. म्हणून मी चारला उठलो. साडेचारला बदल पाठवला.

लाल!

माझ्या लॅपटॉपवर तोच कोड हिरवा. पुन्हा पाठवला, लाल. पाच वाजेपर्यंत तेच बटन दाबत बसलो. मग वैतागून झोपलो. उठेपर्यंत दुर्गाचा बदल स्वीकारलासुद्धा गेला होता.

रविवारी पोहे खाता खाता तिने माझा कोड वाचला. "सर, तुमी यात आजची तारीख घेतली. टेस्ट घेणारं मशीन परदेशातल्या वेळेवर चालते. आपल्याकडं पहाटचे साडेपाच वाजतवरी तिथं कालचीच तारीख रायते."

"म्हणजे?"

"म्हणजे सहा वाजतवरी झोपून रायले असते, त पास झाले असते!"

*

पंकजच्या एका टेस्टचा काही भरवसा नव्हता. कधी हिरवी, कधी लाल, कारण कळेना. त्याने शेवटी ती टेस्टच काढून टाकली. "जो बच्चा रोता है उसको बाहर बिठाओ, क्लास शांत!"

प्रमुख बाईंकडे जाण्याआधी बदल तपासायचं काम तेव्हा दुर्गाकडे होतं. तिच्या नजरेतून हे सुटावं, असं मला फार वाटत होतं. मग मी सभ्यपणे दाखवून दिलं असतं ना!

दहा मिनिटांत तिचा शेरा आला: "पंकजदादा, पोरगं परत आत घ्या."

*

बायको एकदा जेवताना म्हणाली, "भाजीत मीठ हाय का नाई ते सांगा. तासभरात दुर्गाचं नाव सात खेपा घेतलं तुमी. माझं एकखेपा त घ्या!"

मी म्हणालो, "अगं, दुर्गा फार घाईने कोड लिहिते."

"आठ!" बायको म्हणाली.

*

मग प्रमुख बाईंची मेल आली. त्यांना एकटीला काम झेपत नव्हतं. इतरांचे बदल स्वीकारायचा अधिकार त्या आमच्यातल्या एकाला देणार होत्या. तो मला हवा होता. सात वर्षं घातली होती मी! दुर्गाला येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

त्याच आठवड्यात दुर्गाने पाणी वाटपाचा अख्खा भाग नव्याने लिहिला. पाठवला आणि लाल!

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तोंडाने "अरेरे" म्हणालो आणि सगळ्यांसाठी समोसे मागवले. काय बिघडलं ते शोधायचं काम आपणहून अंगावर घेतलं.

इतक्या मनापासून मी माझी स्वतःची चूकही कधी शोधली नव्हती. तिचा बदल काढला की हिरवं, घातला की लाल. मग टेस्टमधली शेतं एकेक कमी करत गेलो. चाळीसची तीन केली, तरी लाल. आता स्वच्छ दिसलं. टेस्ट म्हणत होती, पाणी आधी कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेताला. दुर्गाचा कोड सुरुवात करत होता शेवटच्या टोकापासून. क्रम उलटा. सापडली एकदाची!

रिपोर्ट लिहायला घेतला. पक्कं करावं म्हणून गावी बाबांना फोन लावला.

"बाबा, पाणी पयले कोनाले द्याचं असते?"

"शेवटच्या टोकाले. नियमच हाय तसा. तोंडावाल्याले सगळ्यात शेवटी."

"आपलं वावर त तोंडाशी हाय. मंग आपल्याले दरवर्षी पयले कसं भेटते?"

बाबा म्हणाले, "हे फोनवर नको इचारू."

टेस्ट कोणी लिहिली होती ते उघडून पाहिलं. मीच लिहिली होती. लहानपणापासून जे पाहिलं, तेच बरोबर उत्तर म्हणून टाकलं होतं.

रविवारी दुर्गाला बाजूला घेतलं. तिच्या घरचं शेत आमच्याच कालव्यावर, पार शेवटच्या टोकाला.

"टेस्ट चुकीची आहे हे तुला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी."

"मग बोलली काऊन नाही?"

"कायले बोलू सर? आमचं वावर टोकाले हाय. मी म्हटलं असतं त लोक म्हणतीन, आपल्या वावरासाठी बोलून रायली. हे तोंडावाल्यानंच म्हनाले पायजे."

मी लॅपटॉप उघडला. या रिपोर्टवर अधिकार कोणाला जाणार, ते मला दिसत होतं. जळफळाट होत होता, तो काही थांबला नाही. तरी टेस्ट दुरुस्त केली. हिरवी झाली. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात लिहिलं: 'टेस्ट लिहिणाऱ्याचं शेत कालव्याच्या तोंडाशी आहे.'

दुसऱ्या दिवशी प्रमुख बाईंचं उत्तर आलं: 'कारण मला समजलं नाही, पण बदल स्वीकारला. दुर्गा, यापुढे तूच स्वीकारत जा.'